शुक्रवारी साक्षीला या

रुमानियाच्या पश्चिम टोकाला तिमिश्वारा नावाचं शहर आहे. तिथल्या मारिया चौकातून ट्राम जातात, आणि चौकाला लागूनच तिमोतेई चिपारिऊ नावाचा लहानसा रस्ता आहे. या रस्त्याच्या तोंडाशीच, एक नंबरला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली एक इमारत आहे. बाहेरून ती चर्चपेक्षा राहत्या घरांची इमारतच जास्त वाटते. आत हंगेरियन भाषिक रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांपैकी एक पंथ) मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचं, उपासनागृह आहे, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पाळकाचं घर. त्या घराची खिडकी रस्त्यावर उघडते. १९८९च्या डिसेंबरात या खिडकीखाली दोन दिवस माणसं उभी राहिली, आणि त्यानंतर आठवडाभरातच चोवीस वर्षं देशाच्या मानगुटीवर बसलेला कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू बुखारेस्टमधून हेलिकॉप्टरनं पळाला.

गोष्ट बहुतेकांना इतकीच माहीत असते: लास्लो तोकेश नावाच्या एका पाळकाला घराबाहेर काढायला पोलीस आले, लोक जमले, क्रांती झाली. मला त्या शुक्रवारच्या आधीचे नऊ महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. कम्युनिस्ट राजवट चर्चला कशी आवळते, आणि एकटा माणूस त्या आवळण्यात स्वतःसाठी जागा कशी करत जातो, हे त्या नऊ महिन्यांत पायरीपायरीनं दिसतं.

‘पाळक’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नगर, सोलापूर, जालना भागातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत पास्टरला पाळकच म्हणतात. त्या शब्दात कळप राखणारा माणूस आहे, आणि लास्लो तोकेश यांच्या बाबतीत तोच अर्थ लागू पडतो. ते काही देशव्यापी चळवळीचे पुढारी नव्हते. एका शहरातली एक मंडळी, तिची तरुण मुलं, तिची म्हातारी माणसं, तिची भाषा, एवढंच त्यांचं कार्यक्षेत्र. सरकारशी त्यांचं बिनसलं ते या कार्यक्षेत्रावरूनच.

कम्युनिस्ट देशातली धर्माची गळचेपी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चर्चला ठोकलेलं कुलूप येतं. रुमानियात तसंही झालं. १९४८ साली ग्रीक-कॅथलिक चर्च सरकारनं कायद्यानंच रद्द केलं, त्याची देवळं ऑर्थोडॉक्स चर्चकडे दिली आणि बिशप तुरुंगात घातले. पण उरलेल्या चौदा मान्यताप्राप्त पंथांसाठी वेगळी पद्धत होती. दारं उघडी ठेवायची, घंटा वाजू द्यायची, आणि किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या. त्यासाठी बुखारेस्टमध्ये धर्मपंथांचं खातं होतं आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्याचे निरीक्षक. पाळकाच्या नेमणुकीला खात्याची संमती लागे. पगाराचा एक भाग सरकारकडून येई. पाळक तयार करणाऱ्या क्लुजच्या संस्थेत किती विद्यार्थी घ्यायचे तो आकडाही सरकारच ठरवी, आणि तो कमी कमी होत गेला होता. टाइपरायटर घरात असेल तर १९८३च्या हुकमाप्रमाणे त्याची पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि अक्षरांचा नमुना जमा करावा लागे, म्हणजे एखादं पत्रक सापडलं तर ते कोणत्या यंत्रावर उमटलं हे ओळखता यावं. मंडळीचं साधं पत्र टाइप करायचं म्हटलं तरी हे डोक्यात असे.

या सगळ्यात कामाला येणारा माणूस म्हणजे बिशप. रिफॉर्म्ड परंपरेत बिशप फार मोठा असत नाही. मंडळी आपले वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद, निवडते, पाळक कोण असावा यात मंडळीचा शब्द असतो, आणि वडिलांच्या सभेला खरा अधिकार असतो. ही रचना सरकारला अडचणीची होती. हजार ठिकाणच्या वडिलांना ताब्यात ठेवण्यापेक्षा वरचे दोन बिशप ताब्यात ठेवणं सोपं. रुमानियातल्या रिफॉर्म्ड चर्चचे दोनच धर्मप्रांत होते, एक क्लुजचा आणि एक ओरादियाचा. तिमिश्वारा ओरादियाच्या बिशपकडे यायचं, आणि तिथे बसले होते लास्लो पाप. म्हणून तोकेश यांच्याविरुद्धचा एकूण एक कागद बिशपच्या कार्यालयातून निघाला. सरकार म्हणायला मोकळं, की हा चर्चचा अंतर्गत मामला आहे.

तोकेश १९५२ साली क्लुजमध्ये जन्मले. त्यांचे वडील ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक आणि चर्चमधले वरिष्ठ अधिकारी, पण सरकारशी जमवून घेण्यावर टीका करत असल्यामुळे बाजूला सारलेले. त्यामुळे हे सगळं कसं चालतं ते मुलानं घरातच पाहिलं होतं. देझ या गावात पाळक असताना त्यांनी एका गुप्त हंगेरियन नियतकालिकासाठी लिहिलं आणि ते सेक्युरितातेच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, डोळ्यांवर आले. १९८४ मध्ये नोकरी गेली. दोन वर्षं ते क्लुजला आईवडिलांच्या घरी बसून होते. १९८६ मध्ये तिमिश्वाराला सहायक पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली ती लेओ पोयकर यांच्या हाताखाली. पोयकर सरकारला धार्जिणे, आणि मंडळी रोडावलेली. नव्या सहायकाला गप्प ठेवायला ही जागा बरी, असा हिशेब असावा. १९८७च्या सुरुवातीला पोयकर वारले आणि मंडळी तोकेश यांच्याकडे आली.

त्यांनी पुढे जे केलं ते वरवर फारच साधं होतं. तरुणांना बोलावलं. हंगेरियन कविता वाचल्या. मुलांचे वर्ग घेतले. ३१ ऑक्टोबर १९८८ला, धर्मसुधारणेच्या दिवशी, विद्यार्थ्यांच्या एका हंगेरियन नाट्यगटाला घेऊन चर्चमध्येच कार्यक्रम केला. बिशपनं लगेच तरुणांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. कवितावाचनाला सरकार का भ्यावं, असं आज कुणालाही वाटेल. पण ज्या देशात टीव्ही दिवसाला दोन तास चालतो आणि त्यातही बराच वेळ एकाच जोडप्याची स्तुती असते, ज्या देशात एका भाषेच्या शाळा वर्षागणिक कमी होत आहेत, तिथे त्या भाषेतली कविता वीस-बावीस वर्षांची मुलं एका खोलीत एकमेकांना वाचून दाखवतात तेव्हा ती एकमेकांना ओळखायला लागतात. सेक्युरितातेचं सगळं काम माणसं एकमेकांना अनोळखी राहण्यावर उभं होतं. शेजारी खबऱ्या असेल, या शंकेवर.

त्याच सुमाराला खेड्यांचा प्रश्न आला. चाउशेस्कूनं १९८८ मध्ये ‘पद्धतशीर नियोजन’ या नावाखाली जाहीर केलं, की देशातल्या सुमारे तेरा हजार खेड्यांपैकी निम्म्याहून अधिक पुसून टाकायची आणि माणसं सिमेंटच्या इमारतींत हलवायची. रुमानियाच्या ट्रान्सिल्वानिया भागातल्या हंगेरियन गावांसाठी याचा अर्थ वाडवडिलांचं घर, दफनभूमी आणि चर्च हे तिन्ही एकाच बुलडोझरखाली जाणं. सप्टेंबर १९८८ मध्ये आराद इथे पाळकांच्या बैठकीत तोकेश आणि त्यांच्या सहकाऱ्यानं याविरुद्ध निवेदन मांडलं. सह्या करणाऱ्यांच्या चौकशा सुरू झाल्या. रुमानियात त्या काळी अशा निवेदनावर सही करणं म्हणजे काय, हे सही करणाऱ्या प्रत्येकाला नीट माहीत होतं.

मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेकमधून आलेल्या दोघांनी चोरून त्यांची मुलाखत चित्रित केली. परदेशी माणसाशी बोललं तर त्याची खबर पोलिसांना द्यावी लागे, असा कायदा होता, तेव्हा मुलाखत हाच गुन्हा. ती चित्रफीत देशाबाहेर गेली आणि २४ जुलैला हंगेरीच्या सरकारी दूरदर्शनवर दाखवली गेली. खेड्यांबद्दल आणि लोकांवर लादलेल्या मौनाबद्दल ते त्यात उघड बोलले होते. तिमिश्वारा सीमेजवळचं शहर. तिथे बुडापेस्ट आणि बेलग्रेडचा टीव्ही दिसायचा. स्वतःच्या टीव्हीवर दोन तासांची स्तुती बघणारे लोक अँटेना वळवून शेजाऱ्यांच्या बातम्या बघत. म्हणजे या पाळकाचा चेहरा आता त्याच्याच शहरानं, पण परक्या देशाच्या वाहिनीवर पाहिला.

बदलीचा हुकूम त्याआधीच, वसंतात, निघाला होता. तिमिश्वारा सोडा आणि मिनेऊला जा. मिनेऊ म्हणजे सालाज जिल्ह्यातलं आडबाजूचं लहान खेडं. बदली हे शिक्षेचं हत्यार कसं होतं ते मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे गडचिरोलीचं नाव या अर्थानं किती वर्षं घेतलं गेलं! त्या हुकमात कुठेही गुन्हा लिहिलेला नसतो. माणूस जिवंत, नोकरी शाबूत, फक्त ज्यांच्यासाठी तो उभा आहे ती माणसं त्याच्यासमोर उरत नाहीत.

तोकेश गेले नाहीत. हुकूम चर्चच्या नियमांत बसत नाही आणि मंडळीची संमती नाही, अशी त्यांची भूमिका होती. वडीलमंडळ त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. मग एकेका वडिलाला वेगवेगळं बोलावून घेणं सुरू झालं. कुणाला कामाच्या ठिकाणी समज, कुणाला मुलाच्या कॉलेजची आठवण.

यापुढचा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे, कारण त्यात लाठी जवळजवळ नाही.

घर चर्चचं. नोकरीसोबत मिळालेलं. नोकरीवरून काढलं की घरावरचा हक्क गेला. म्हणून बिशपनं दिवाणी न्यायालयात घर रिकामं करून मिळावं असा साधा दावा लावला. राजद्रोह नाही, हेरगिरी नाही. घरमालक आणि बेकायदा राहणारा भाडेकरू. आता मोठ्या शहरात राहायला परवाना लागे. कामच नाही तर परवाना कसला? आणि परवाना नसेल तर शिधापत्रिका नाही. त्या वेळी रुमानिया परदेशी कर्ज फेडण्यासाठी आपलंच धान्य आणि मांस निर्यात करत होता. कर्ज १९८९च्या वसंतात फिटल्याचं जाहीर झालं, पण टंचाई तशीच राहिली. ब्रेड रेशनवर, माणशी दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास. साखर, तेल, अंडी महिन्याच्या कोट्यानं. महिनाभराच्या गरजेपेक्षा जास्त अन्न घरात साठवणं १९८१पासून गुन्हा होता. घरं हिवाळ्यात बारा-चौदा अंशांवर ठेवायची असा आदेश. अशा देशात शिधापत्रिका नाही म्हणजे दुकानात पैसे दिले तरी पाव मिळत नाही. बेड्या न घालता, एकही खटला न भरता, एक कुटुंब भुकेला आणि थंडीला लावता येतं. त्यात तोकेश यांची पत्नी गरोदर होती आणि घरात एक लहान मुलगा.

मंडळीच्या लोकांनी मग पाव आणायला सुरुवात केली. कोटाखाली लपवून पाव, पिशवीत चार बटाटे, काखेत सरपणाची लाकडं. जे ते आणत होते ते त्यांच्या वरकडीतलं नव्हतं, ३०० ग्रॅममधलंच होतं. खाली दाराशी साध्या कपड्यातले पोलीस उभे. पिशव्या उघडून बघायचे, कुणाला परत पाठवायचे, कुणाला ठाण्यावर न्यायचे. हे आठवड्यांमागून आठवडे चाललं. डिसेंबरात जे लोक खिडकीखाली उभे राहिले त्यांच्यातल्या पहिल्या काही दहा-वीसांना उभं राहायला कुणी शिकवलं असेल तर या पावाच्या पिशवीनं शिकवलं, असं मला वाटतं. पोलिसाच्या समोरून रोज जायचं, नजर चुकवायची नाही, अडवलं तर परत उद्या यायचं. भीती कमी व्हायला सराव लागतो, आणि हा सराव त्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तू हातात घेऊन केला.

राज्यानं लाठी अगदीच ठेवून दिली होती असंही नाही. सप्टेंबरमध्ये मंडळीचे एक सभासद, एर्नो उय्वारोशी, बेपत्ता झाले आणि शहराबाहेरच्या जंगलात मृत सापडले. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटलं. ज्यांनी त्यांना ओळखलं होतं त्यांनी ते मानलं नाही. २ नोव्हेंबरला चेहरे झाकलेली चार माणसं चाकू घेऊन पाळकाच्या घरात घुसली. तोकेश यांच्या कपाळाला जखम झाली. दाराशी चोवीस तास पहारा देणाऱ्या पोलिसांच्या नाकासमोरून चार माणसं आत कशी गेली, या प्रश्नाचं उत्तर त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याच महिन्याच्या शेवटी न्यायालयानं अपील फेटाळलं आणि घर रिकामं करण्याची तारीख ठरली: शुक्रवार, १५ डिसेंबर १९८९.

इथे राज्यानं मोठी चूक केली असं मला वाटतं, आणि ती चूक कायदेशीर दिसण्याच्या हव्यासातून आली. पहाटे तीन वाजता एखादी गाडी येते आणि माणूस नाहीसा होतो, यात सगळा जोर अनिश्चिततेचा असतो. कुणाला कळत नाही केव्हा, म्हणून कुणी जमू शकत नाही. न्यायालयाचा कागद मात्र तारीख देतो. तोकेश यांनी ती तारीख उचलली.

१० डिसेंबरच्या रविवारी त्यांनी उपासनेत व्यासपीठावरून मंडळीला सांगितलं, की मला घराबाहेर काढण्याचा हुकूम आलाय, तो मी मान्य करणार नाही, त्यामुळे येत्या शुक्रवारी मला बळानं नेतील. या, शांतपणे या, आणि जे होईल त्याचे साक्षी व्हा.

मदतीला या, असं ते म्हणाले नाहीत. अडवायला या, असंही नाही. ‘साक्ष’ हा शब्द मराठी ख्रिस्ती उपासनेतही रोजचा आहे. प्रार्थनासभेत कुणी उठून ‘साक्ष देतो’ म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. बायबलच्या ग्रीकमध्ये साक्षीदारासाठी जो शब्द आहे तोच पुढे हुतात्म्यासाठी वापरला गेला. मंडळीला हे सगळं रक्तात माहीत होतं. शिवाय या आवाहनात एक व्यवहाराची बाजूही होती. बघायला उभं राहणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नव्हता. चौकात उभा राहून बघतोय, एवढंच. ज्या माणसाला घोषणा द्यायची हिंमत नाही, दगड उचलायची तर अजिबात नाही, त्यालाही हे जमण्यासारखं होतं. भित्र्या माणसाला करता येईल अशी कृती त्यांनी मागितली, आणि म्हणून माणसं आली.

शुक्रवारी सकाळी मंडळीतले काही लोक, बरेचसे वयस्क, दाराशी उभे राहिले. पोलिसांनी त्यांना हाकलायचा प्रयत्न केला. तोकेश खिडकी उघडून बोलले. खालचे गेले नाहीत. दिवस चढला तशी संख्या वाढली आणि संध्याकाळपर्यंत शेकड्यांवर गेली. मेणबत्त्या पेटल्या. आता त्यात फक्त हंगेरियन रिफॉर्म्ड उरले नव्हते. बाप्टिस्ट आले, ऑर्थोडॉक्स रुमानियन आले, रस्त्यानं जाणारे थांबले. तिमिश्वारात रुमानियन, हंगेरियन, जर्मन, सर्ब पिढ्यान्‌पिढ्या एकाच आळीत राहत आले होते. हंगेरियन माणसं देश फोडायला बघतात, ही सरकारची नेहमीची हाकाटी या गावात फार चालली नाही. एरवी तीच हाकाटी अशा वेळी उपयोगी पडते. अल्पसंख्याकांच्या पाळकाला उचललं तर बहुसंख्याकांनी मान फिरवावी, हा तिचा उद्देश. त्या रात्री रुमानियन विद्यार्थ्यांनी हंगेरियन पाळकाच्या दाराशी कडं केलं.

आणि जागा. ही इमारत एखाद्या बंदिस्त आवारात, झाडीमागे असती तर काय झालं असतं याचा विचार मी अनेकदा करतो. मारिया चौक म्हणजे ट्रामच्या मार्गांवरची गजबजलेली जागा. कामावरून सुटलेले कामगार त्याच वाटेनं घरी जाणार. ट्रामच्या खिडकीतून गर्दी दिसणार. पुढच्या थांब्यावर उतरून माणूस परत येणार.

शनिवारी, १६ तारखेला, महापौर पेत्रे मोत्स स्वतः आले. त्यांनी तुटलेल्या खिडक्या आणि दार दुरुस्त करायला माणसं लावली. पाळकाच्या पत्नीला तपासायला डॉक्टर आले, त्यांनी दवाखान्यात चला म्हणून आग्रह केला, तिनं नकार दिला. ती दवाखान्यात गेली असती तर पुढे काय, हे तिला कळत होतं. नवरा घरात एकटा आणि बायको त्यांच्या ताब्यात. महापौरांनी लोकांना सांगितलं, की पाळकांना घराबाहेर काढणार नाही. तेव्हा खालून मागणी आली: लिहून द्या.

या मागणीशी मी नेहमी थबकतो. नऊ महिने या कुटुंबाला कागदानं छळलं होतं. बदलीचा कागद, निलंबनाचा कागद, न्यायालयाचा निकाल, न मिळालेली शिधापत्रिका. प्रत्येक कागदावर शिक्का आणि सही. आता रस्त्यावर उभी असलेली माणसं सत्तेकडे एकच कागद मागत होती, तशीच सही असलेला. महापौरांनी तो दिला नाही. तोंडी शब्दावर कुणी हललं नाही, आणि घोषणा बदलल्या. खुद्द तोकेश खिडकीतून लोकांना घरी जायला विनवत होते. मंडळीच्या लोकांवर हल्ला होईल ही काळजी त्यांच्या बोलण्यात होती. खालून उत्तर येत होतं, की हे तुमच्यावर दबाव आणून तुम्हाला बोलायला लावतायत.

संध्याकाळी लोकांनी ट्राम अडवल्या आणि उतारू गर्दीत मिसळले. ‘चाउशेस्कू मुर्दाबाद’ हे शब्द भर चौकात मोठ्यानं उच्चारले गेले. १८४८पासूनचं, राजवटीनं दडपून ठेवलेलं एक देशगीत लोक गायला लागले, तेच पुढे रुमानियाचं राष्ट्रगीत झालं. मग गर्दीचा मोठा भाग बेगा नदीच्या पुलावरून शहराच्या मध्याकडे, पक्षाच्या जिल्हा कचेरीकडे निघाला. तिमोतेई चिपारिऊ रस्त्यावर आता थोडेच लोक राहिले होते. एका पाळकाच्या घरासाठी सुरू झालेली गोष्ट त्या पुलावर पाळकाच्या हातातून सुटून शहराच्या हातात गेली.

रविवारी, १७ डिसेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास दार फोडून माणसं आत आली. तोकेश आणि त्यांची पत्नी घरातून खाली उपासनागृहात, प्रभुभोजनाच्या मेजाशी जाऊन थांबले होते. तिथे त्यांना मारहाण झाली आणि गाडीत घालून मिनेऊला नेलं. बदलीच्या हुकमात लिहिलेलं गाव तेच. पहाटे तीनची जुनी रीत शेवटी राज्यानं वापरलीच, पण दोन दिवस उशिरा. शुक्रवारी पहाटे ते आले असते तर खिडकीखाली कुणी नव्हतं. रविवारी पाळकाला नेऊन काही थांबण्यासारखं राहिलं नव्हतं.

त्याच रविवारी दुपारनंतर तिमिश्वारात गोळीबार सुरू झाला. माणसं रस्त्यात पडली, तरुण आणि मुलं त्यांत होती. पुढे जे झालं ते लिहिताना हात जड होतो. जिल्हा रुग्णालयाच्या शवागारातून चाळीसहून अधिक मृतदेह रात्री उचलले गेले, ट्रकमधून बुखारेस्टला नेले गेले, तिथे जाळले गेले आणि राख राजधानीबाहेरच्या पोपेश्ती-लेओरदेनी इथल्या गटारात टाकली गेली. मृतांची ओळख पटू नये, हा हेतू. जखमी म्हणून रुग्णालयात आणलेल्या आपल्या माणसाला शोधत नातेवाईक आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की अशा नावाचं कुणी आलंच नव्हतं. ज्या राजवटीनं पाळकाला कागदांत गाडायचा प्रयत्न केला तिनं या माणसांना कागदावरूनच पुसायला घेतलं होतं. ती नावं नंतर एक एक करून नातेवाइकांनी परत मिळवली.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २० तारखेला कारखान्यांतले कामगार मध्यवर्ती चौकात उतरले, सैन्य मागे हटलं आणि तिमिश्वारा स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं. २१ला बुखारेस्टच्या सभेत लोकांनी चाउशेस्कूचं भाषण बंद पाडलं. २२ला तो पळाला, २५ला त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या गेल्या. सगळ्या देशात मिळून अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यांतली बरीच चाउशेस्कू पळाल्यानंतरच्या गोंधळात. मिनेऊमध्ये तोपर्यंत तोकेश पहाऱ्यात होते आणि चौकशी चालूच होती. २२ला पहारा उठला.

१९९०मध्ये ते ओरादियाचे बिशप झाले, लास्लो पाप यांच्या जागी. पाप देश सोडून फ्रान्सला गेले होते. नंतर तोकेश राजकारणात शिरले, २००७पासून बारा वर्षं युरोपीय संसदेत होते आणि काही काळ तिचे उपाध्यक्षही. हंगेरियन स्वायत्ततेच्या मागणीवरून रुमानियात त्यांच्याबद्दल कडवटपणा वाढला. २००९मध्ये दिलेला देशाचा मोठा सन्मान २०१६मध्ये काढूनही घेतला गेला. त्यांच्या नंतरच्या अनेक भूमिका मला पटत नाहीत. तरी त्या नऊ महिन्यांतल्या माणसाचं मोल त्यामुळे कमी होतं असं मी मानत नाही. बदलीच्या हुकमाला त्यानं ‘नाही’ म्हटलं तेव्हा त्याला २२ डिसेंबर दिसत नव्हता. त्याला दिसत होती ती रविवारी समोर बसलेली माणसं, आणि त्यांच्या पिशवीतला अर्धा पाव.

त्या इमारतीच्या भिंतीवर आज एक फलक आहे. हुकूमशाही संपवणारी क्रांती इथून सुरू झाली, असं त्यावर रुमानियन, हंगेरियन, जर्मन आणि सर्बियन अशा चार भाषांत लिहिलंय. वरच्या खिडक्या तशाच रस्त्यावर उघडतात, आणि खाली मारिया चौकातून ट्राम जात असतात.